चेतविलेला वायु आणि आमची प्रयोगशाळा

पदार्थाच्या अवस्था किती, असा प्रश्न आमच्या शाळेंतील कोणत्याहि वर्गांत विचारला तर एका सुरांत उत्तर येतें, "तीन, घन, द्रव आणि वायु." बर्फ, पाणी आणि वाफ हें उदाहरणहि ठरलेलेंच आहे. उत्तर चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे, आणि जळकोटसारख्या गांवीं तर तें फारच अपुरें आहे. वैशाख उतरणीला लागला, दुपार कलतां कलतां बालाघाटाच्या माथ्यावर ढग चढूं लागले, कीं पदार्थाची चौथी अवस्था आमच्या शेतांवर प्रत्यक्ष उतरते. कोठें झाडाखालीं बांधलेला बैल जातो, कोठें शेळ्या जातात, आणि एखाद्या वर्षीं घरचें माणूसहि जातें. भारतांत दर वर्षीं विजेनें मरणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या वर असते, आणि त्यांत शेतांत काम करणारेच पुष्कळ असतात. ज्या गोष्टीची एवढी दहशत, तिचें नांवहि आमच्या मुलांना ठाऊक नसावें हें मला बरें वाटत नाहीं.

आकाशांतून येणारी वीज ही वरून फेंकलेली कांहीं वस्तु नव्हे. ती हवाच असते. रुंदीनें कांहीं सेंटिमीटरच भरेल अशा एका अरुंद वाटेंतील हवा क्षणाच्या अत्यल्प अंशांत सुमारें 30,000 अंशांपर्यंत तापते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारें 5,500 अंशांवर असतो, हें ताडून पाहावें. एवढ्या उष्णतेंत नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे रेणु फुटतात, अणूंभोंवतींचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि जी हवा एरवीं विजेला मुळींच वाट देत नाहीं, तीच तारेप्रमाणें तिला वाहून नेऊं लागते. सुट्या इलेक्ट्रॉनांचा व इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंचा, म्हणजे आयनांचा, असा जो समुदाय त्यास प्लाझ्मा म्हणतात. मराठींत त्यास कोणी आयनद्रायु असेंहि म्हणतात. शब्द बरा आहे, पण मुलांच्या तोंडीं बसेल असें दिसत नाहीं, म्हणून येथें प्लाझ्मा हाच शब्द घेतला आहे. तो 1928 सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं योजिला. त्यापूर्वीं जवळजवळ पन्नास वर्षें, 1879 सालीं, इंग्लंडांत विल्यम क्रुक्स यांनीं कांचेच्या निर्वात नळ्यांतील चमत्कार पाहून, ही पदार्थाची चौथी अवस्था असावी, असें सांगून ठेविलें होतें.

हा विषय आतांच काढण्यास कारण झालें तें असें. यंदा प्रयोगशाळेसाठीं आलेल्या देणगीचा विनियोग कसा करावा याविषयीं पालकांच्या सभेंत चर्चा झाली. चित्रफिती दाखवितां येतील असा एक मोठा पडदा भिंतीवर बसवावा, इकडे बहुतेकांचा कल दिसला. माझें मत निराळें आहे. त्या रकमेंतून निरनिराळ्या दाबाच्या नळ्यांचा एक संच, हायड्रोजन, हीलियम, निऑन व पारा यांच्या चार नळ्या, त्यांस लागणारें उच्च विद्युत्दाबाचें वेटोळें आणि एक साधा वर्णपटदर्शक घ्यावा, असें मी त्या सभेंत सुचविलें. सभेंत वेळ थोडा होता. म्हणून माझें म्हणणें येथें विस्तारानें मांडतों.

वायूला चेतवावयाचें म्हणजे काय करावयाचें? हवेंत कोठें ना कोठें एखादा सुटा इलेक्ट्रॉन नेहमींच असतो. अंतराळांतून येणारे विश्वकिरण आणि जमिनींतील किरणोत्सर्गी द्रव्यें असे इलेक्ट्रॉन सोडवीत असतात. विद्युत्दाबानें त्याला ओढलें म्हणजे तो धांवूं लागतो. वाटेंत अणु आडवा आला व धडक पुरेशी जोराची बसली, तर त्या अणूंतील एक इलेक्ट्रॉन सुटतो. आतां दोन झाले. दोहोंचे चार, चोहोंचे आठ, आणि बघतां बघतां पूर येतो. परंतु धडक जोराची बसावयास आधीं धांव मिळाली पाहिजे. आठवड्याच्या बाजारांत गर्दींतून पळूं पाहणारा मुलगा चार पावलांत कोणावर तरी आदळतो, त्याला वेग येतच नाहीं. तोच मुलगा मोकळ्या मैदानांत वाऱ्यासारखा सुटतो. साध्या हवेंत अणूंची गर्दी एवढी असते कीं एक सेंटिमीटर अंतरावर ठिणगी पाडावयाची तर सुमारें 30,000 व्होल्ट लागतात. नळींतील हवा पंपानें बरीचशी काढून टाकली कीं त्याच्या कितीतरी कमी दाबांत ती नळी सबंध उजळते. आणखी हवा काढीत गेलें तर प्रकाशाचे थर पडतात, मग काळोखाचा एक पट्टा वाढूं लागतो, आणि मैदान अगदींच रिकामें झालें म्हणजे धडकावयाला कोणी उरत नाहीं व नळी विझूं लागते. निरनिराळ्या दाबाच्या नळ्या ओळीनें लावून एकामागून एक चेतविल्या म्हणजे हा सर्व क्रम दिसतो. पडद्यावरहि तो दिसेल, हें मी नाकारीत नाहीं. परंतु पडद्यावर मुलगा नळीची जागा बदलूं शकत नाहीं, तिच्याजवळ लोहचुंबक नेऊन आंतील प्रकाश कसा वळतो तें स्वतः करून पाहूं शकत नाहीं, आणि "असें केलें तर काय होईल?" हा प्रश्न त्याला सुचला तरी त्याचें उत्तर पडदा देत नाहीं.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्लाझ्मा कोणत्या रीतीनें चेतविला यावरच तो कोणत्या कामाचा हें ठरतें. गांवांतील वेल्डिंगच्या दुकानांत जी डोळे दिपविणारी ज्योत दिसते ती हवेच्या पूर्ण दाबांत पेटलेली असते. तेथें इलेक्ट्रॉन व अणु यांच्या धडका इतक्या होतात कीं दोघांचें तापमान जवळजवळ सारखें होतें, आणि लोखंड लोण्यासारखें वितळतें. उलट निऑनची नळी घ्या. तींतील इलेक्ट्रॉनांचें तापमान काढलें तर तें दहा हजार अंशांच्याहि वर भरतें. पण नळीला बोट लावलें तर ती फार तर कोमट लागते. याचें कारण असें कीं इलेक्ट्रॉन अतिशय हलके व अणु त्यांच्या मानानें फार जड. गोटी मारून वरवंटा हालत नाहीं, तसेंच हें. इलेक्ट्रॉन तापलेले आणि अणु थंड, अशी ही विलक्षण स्थिति विरळ वायूंतच साधते, आणि आज मोबाइलांतील चिप कोरण्याचें काम अशाच थंड प्लाझ्माकडून करून घेतात. तापलेल्या प्लाझ्मानें ती चिप जळून गेली असती.

एके काळीं आमच्या घराघरांत संध्याकाळीं एक प्लाझ्मा चेतविला जात असे, आणि त्याचें नांव कोणास ठाऊक नव्हतें. ती ट्यूबलाइट. बटण दाबलें कीं स्टार्टर लुकलुके, चोक गुणगुणे, आणि दोन चार वेळां डोळे मिचकावून नळींतील पाऱ्याची वाफ उजळे. आतां एलईडीचे दिवे आले. ते थोड्या विजेवर चालतात व पुष्कळ टिकतात. त्यांविरुद्ध माझी तक्रार नाहीं. पण त्यांत वायु नाहीं आणि प्लाझ्माहि नाहीं. परिणाम असा झाला आहे कीं आज पांचवींत असलेल्या मुलानें प्लाझ्मा पाहावयाचा तर एक वेल्डिंगच्या दुकानांत, जेथें उघड्या डोळ्यांनीं कधींच पाहूं नये, किंवा मग आकाशांत. जी गोष्ट घरांतून गेली ती शाळेनें तरी ठेवावी कीं नाहीं?

वायु चेतविण्यास नळीच्या आंत धातूचीं टोकें असलींच पाहिजेत असेंहि नाहीं. नळीभोंवतीं तारेचें वेटोळें घालून त्यांतून रेडिओच्या तरंगांइतका जलद उलटसुलट होणारा प्रवाह सोडला तरी आंतील वायु चेततो, आणि आंत धातु नसल्यामुळें तो शुद्धहि राहतो. आर्गॉन वायूची अशी ज्योत सहा ते दहा हजार अंशांची असते. तींत मातीचा अर्क फवारला कीं अर्कांतील प्रत्येक धातु आपापल्या ठराविक रंगाचा प्रकाश सोडतो, आणि तो मोजून कोणता धातु किती आहे हें सांगतां येतें. कोटींत एखादा भाग असला तरी तो सुटत नाहीं. आमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत पिकांना जस्त व लोह पुष्कळदां कमी पडतें, हें शेतकरी पालकांना सांगावयास नको. अशा सूक्ष्म द्रव्यांची परीक्षा मोठ्या प्रयोगशाळांत या ज्योतीवर होते. सूक्ष्मतरंगांनीं चेतविलेल्या प्लाझ्मांतून सुरतेस कृत्रिम हिरे पिकवितात, तेंहि याच जातीचें काम. पण हिऱ्यांपेक्षां मातीची परीक्षा आम्हांस अधिक जवळची.

प्रकाशानेंहि प्लाझ्मा चेततो. 23 ऑगस्ट 2023 रोजीं चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलें, तेव्हां गांवोगांवीं लोक पडद्यासमोर खिळून बसले होते. यान उतरलें, टाळ्या झाल्या, आणि पडदे बंद झाले. त्यानंतर 'प्रज्ञान' या लहानशा गाडीनें जें काम केलें तें फार थोड्यांनीं लक्षांत घेतलें. तिनें चंद्राच्या मातीवर लेसरचा तीव्र झोत मारला. त्या बिंदूवरील माती क्षणमात्र प्लाझ्मा झाली. आणि त्या प्लाझ्माच्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन तेथें गंधक आहे, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटॅनियम आहे, असें तिनें कळविलें. मातीची चिमूटहि पृथ्वीवर आणावी लागली नाहीं. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत याहून कितीतरी प्रखर लेसर आहेत. त्यांचे झोत सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाहूनहि अल्प काळ टिकतात, आणि त्यांनीं चेतविलेल्या प्लाझ्मांत ताऱ्यांच्या पोटांतल्यासारखी स्थिति टेबलावर उभी करून तिचा अभ्यास होतो.

सर्वांत जुनी रीत उष्णतेची, आणि ती सूर्याची. कोणत्या तापमानांत व किती दाबांत किती अणु आपले इलेक्ट्रॉन गमावतील याचें गणित आपल्या मेघनाद साहा यांनीं 1920 सालीं मांडलें, आणि तेव्हांपासून ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचें तापमान वाचतां येऊं लागलें. परंतु सूर्याचा वर्णपट वाचण्याचा उद्योग त्याच्याहि आधींचा आहे, आणि त्यांत आमच्या महाराष्ट्राचा वांटा आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणांत निरीक्षकांना सूर्याच्या कडेवरील तप्त वायूंत एक पिवळी रेषा आढळली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या वेळीं गुंटूर येथें होते. त्याच वर्षीं पुढें इंग्लंडांत नॉर्मन लॉकियर यांना ती रेषा ग्रहणावांचूनच सांपडली, ती ओळखीच्या कोणत्याहि मूलद्रव्याची नाहीं असें दिसून आलें, आणि त्या अज्ञात द्रव्यास हीलियम हें नांव पडलें. पृथ्वीवर तो वायु 1895 सालीं मिळाला. 1868 सालीं लॉकियर विजयदुर्गाच्या किल्ल्यावर होते असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें व मुलें तें निबंधांत उतरून घेतात. तें बरोबर नाहीं. विजयदुर्गास ते आले तें 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठीं.

त्याच 1898 च्या ग्रहणाच्या वेळीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपलीं यंत्रें घेऊन उतरले होते. अमेरिकेंतील लिक वेधशाळेची मंडळीहि जेऊरलाच होती. नायगमवाला यांनीं सूर्याच्या किरीटाच्या व त्याखालील वायूंच्या वर्णपटांचीं छायाचित्रें घेतलीं. किरीटांतील हिरव्या रेषेचें कोडें त्या काळीं कोणासच सुटलेलें नव्हतें. ती अमेरिकन निरीक्षकांना 1869 सालींच दिसली होती व एका नव्या मूलद्रव्याची असावी अशी समजूत होती. 1940 नंतर स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनीं दाखविलें कीं ती रेषा साध्या लोखंडाचीच आहे, पण अशा लोखंडाची कीं ज्याचे तेरा इलेक्ट्रॉन गळून गेले आहेत. त्यावरून किरीटाचें तापमान दहा लाख अंशांच्या वर असलें पाहिजे असें निघालें. सूर्याचा पृष्ठभाग साडेपांच हजारांवर आणि त्याच्या बाहेरचा किरीट दहा लाखांवर, हें कसें? चुलीपासून दूर जावें आणि अधिक पोळावें, तसला हा प्रकार आहे. त्या किरीटाला कोण चेतवितें, याचें पूर्ण उत्तर अजून मिळालेलें नाहीं. 2 सप्टेंबर 2023 रोजीं सुटलेलें आदित्य-एल1 हें यान त्याच शोधांत आहे, आणि त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनें तयार केली आहे. जेऊरच्या माळावरून निघालेला प्रश्न पुण्याहूनच पुन्हां आकाशांत गेला, याचें मला फार कौतुक वाटतें. हीलियमची नळी शाळेंत आली तर तीच पिवळी रेषा आमच्या आठवींतील मुलींना वर्णपटदर्शकांतून दिसेल.

कोणी म्हणतील, हें सर्व पुण्यामुंबईचें. आमच्या भागाशीं याचा संबंध काय? त्यांस औंढा नागनाथाची आठवण द्यावी. आमच्याच मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्यांत गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यास 2023 च्या एप्रिल महिन्यांत केंद्र सरकारनें सुमारें 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरांच्या. अमेरिकेंत अशाच वेधशाळांनीं 14 सप्टेंबर 2015 रोजीं पहिला तरंग टिपला. तेथील मुख्य आरसे चाळीस किलो वजनाचे आहेत, आणि त्यांवरील लेप असा चढविला आहे: आर्गॉनचा प्लाझ्मा चेतवून त्यांतील आयन वेगानें बाहेर काढावयाचे, ते एका द्रव्याच्या तबकडीवर आदळवावयाचे, आणि तबकडीवरून उडालेले अणु आरशावर एकेक करून बसूं द्यावयाचे. एकेक थर मिलिमीटराच्या पांच हजाराव्या भागाहूनहि पातळ. आमच्या शाळेंतला एखादा मुलगा पुढें औंढ्यास कामाला लागला तर त्याला प्लाझ्मा हा शब्द तेथें प्रथम ऐकावयास लागूं नये.

पण याच विषयांत आशा फार फुगविण्याचीहि संवय आहे, तेंहि पालकांनीं जाणून असावें. 1955 सालीं जिनिव्हाच्या परिषदेंत होमी भाभा यांनीं, हायड्रोजनचे अणु जोडून निघणारी शक्ति वीस वर्षांत माणसाच्या ताब्यांत येईल, असा अंदाज केला होता. एवढा मोठा माणूस, आणि तरी सत्तर वर्षें उलटलीं. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेंत 'आदित्य' हें यंत्र 1989 सालीं चालू झालें. त्यांत लोहचुंबकाच्या अदृश्य भिंतींत प्लाझ्मा कोंडून ठेवतात. 2022 च्या डिसेंबरांत अमेरिकेंत लेसरांनीं 2.05 मेगाज्यूल शक्ति घालून 3.15 मेगाज्यूल काढली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं मोठे मथळे दिले. ते लेसर चालविण्यास लागलेली वीज सुमारें 300 मेगाज्यूल होती, हें मात्र बातमीच्या शेवटीं कोठेंतरी आलें. काम थोर आहे आणि चालूंच राहावें. पण उद्यां फुकट वीज मिळेल या आशेनें मुलाला शास्त्र शिकवूं नये.

सभेंत एका पालकांनीं विचारलें कीं, मुलांच्या हातांत एवढ्या दाबाची वीज देणें शहाणपणाचें आहे काय? प्रश्न योग्य आहे. वेटोळें शिक्षकाच्याच हातीं राहील व मुलें कट्ट्यापलीकडे उभीं राहतील. अति निर्वात नळी मोठ्या दाबावर चालविली तर तींतून क्ष-किरण निघतात, 1895 सालीं राँटगेन यांना ते असेच सांपडले. म्हणून तसली नळी आणावयाचीच नाहीं. खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्यें द्राक्ष चिरून ठेवलें कीं त्यांतून प्लाझ्मा उसळतो, असली चित्रफीत मुलें फोनवर एकमेकांना दाखवितात. ती खरी आहे, आणि म्हणूनच सांगतों कीं घरीं हें कोणीं करूं नये. ओव्हन बिघडतो, कांच फुटते, आग लागते. शाळेंत दाखविलें नाहीं म्हणून मुलें पाहावयाचीं थांबत नाहींत. तीं दुसरीकडे पाहतात.

आणि विजेविषयीं म्हणाल तर ठिणगीचें हें ज्ञान शेतांतच उपयोगी पडतें. वीज चमकली कीं प्लाझ्माच्या त्या वाटेंतून रेडिओचे तरंगहि सुटतात. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेनें ठिकठिकाणीं बसविलेलीं यंत्रें ते तरंग कोणत्या क्षणीं पोहोंचले हें मोजून वीज कोठें पडली तें काढतात, आणि 'दामिनी' या मोबाइलवरील सोयीनें आसपासच्या लोकांस सूचना जाते. फोन नसला तरी मोजतां येतें. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे. तेव्हां खुरपें टाकून पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये; झाडांतून उतरणारी वीज जवळच्या माणसाकडे उडी घेते, कारण झाडापेक्षां माणसाचें शरीर तिला सोपी वाट देतें. ही उडी कशी असते हें वेटोळ्याच्या दोन टोकांमध्यें ज्यानें एकदां पाहिलें, त्या मुलाला झाडाखालून ओढून आणावें लागणार नाहीं.

यंत्रांची निवड येत्या सभेंत व्हावयाची आहे. नळ्यांचा प्रकाश मंद असतो, म्हणून अंधारी खोली लागेल. प्रयोगशाळेमागची जुन्या बांकांची खोली रिकामी करतां येईल, असें मीं पाहून ठेविलें आहे. तिला दोन खिडक्या आहेत. त्यांस काळ्या जाड कापडाचे पडदे शिवून द्यावयास कोणी पालक तयार असतील तर त्यांनीं सभेपूर्वीं मला कळवावें.